उरलेल्या अन्नाचा हिशेब

अन्न वाया घालवू नये, हे सांगायला कोणी विद्वान लागत नाही. घरी अम्मी सांगते, मशिदीत मौलाना सांगतात, शाळेत आम्ही सांगतो. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो आणि वर्षातून एकदा तरी ‘इस्राफ’ म्हणजे उधळपट्टी या विषयावर मुलांकडून निबंध लिहून घेतो. मुले सुंदर लिहितात. उधळपट्टी करणारे सैतानाचे भाऊ होत, हा सूरह बनी इस्राईलमधील इशारा बहुतेक वह्यांत असतो. आम्ही लाल शाईने ‘शाबाश’ लिहितो आणि वही मिटतो.

परंतु हा प्रश्न वहीत मिटण्याइतका सोपा नाही, हे आम्हाला 2025च्या रमजानमध्ये आमच्याच स्वयंपाकघरात कळले. तो प्रश्न असा : उरलेले अन्न कोणाच्या तरी पोटात गेले, म्हणजे ते वाया गेले नाही, असे म्हणता येईल का?

रमजानचा तिसरा आठवडा सरत आला होता. शनिवारी आम्ही शाळेतील सहा सहकाऱ्यांना इफ्तारला बोलावले. अम्मी, आम्ही पती-पत्नी आणि दोन मुले अशी घरची पाच माणसे. एकूण अकरा. बिर्याणी ठरली. पत्नी म्हणाली, ‘‘सव्वा किलो तांदूळ पुरे होईल.’’ अम्मी म्हणाली, ‘‘कम पड गया तो?’’

या चार शब्दांपुढे आमच्या समाजात कोणाचेच काही चालत नाही. आम्हीही अम्मीच्या बाजूने उभे राहिलो. पाहुण्यांसमोर भांडे खरवडायची वेळ आली, तर सोमवारी शिक्षकांच्या खोलीत कोणत्या तोंडाने बसायचे? दोन किलो तांदूळ आणि दोन किलो मटण आले. एक किलो तांदळाची बिर्याणी मटणासह आठ-दहा माणसांना पुरते, हे मोहल्ल्यातील कोणताही बावर्ची सांगेल. म्हणजे आम्ही अकरा माणसांसाठी सोळा ते वीस माणसांचे अन्न शिजवायला घेतले होते. त्याखेरीज भजी, समोसे, चणे, फ्रूट चाट आणि सरबत होतेच.

ऐन वेळी तीन पाहुण्यांचा निरोप आला की जमणार नाही. आले ते तिघे भजी-समोशांनीच निम्मे तृप्त झाले. दिवसभराच्या उपवासानंतर पोट लहान होते आणि डोळे तेवढे मोठे राहतात. नंतर तरावीहची घाई. पाहुणे उठले, तेव्हा पातेल्यात निम्म्याहून अधिक बिर्याणी तशीच होती. फ्रीज कापलेल्या फळांनी आणि सरबताच्या जगांनी भरलेला. पातेले झाकण ठेवून ओट्यावर राहिले. मार्च अखेरची मराठवाड्यातील रात्र किती गार असते, हे वाचकांना सांगायला नको.

सहेरीला आम्ही घरात छोटेसे व्याख्यानच दिले. एवढे अन्न उरले आहे, इस्राफ होता कामा नये, उद्या अल्लाह याचा जाब विचारील, वगैरे. व्याख्यान देऊन आम्ही दूध-चपाती खाल्ली, कारण रात्रीची बिर्याणी जड वाटत होती. मुलांनी नाक मुरडले. पत्नीने काही न बोलता एक ताट गरम करून घेतले आणि खाल्ले.

सकाळी घरकामाला येणाऱ्या खालांना पिशवी भरून बिर्याणी दिली. त्यांनी ‘‘अल्लाह बरकत दे’’ म्हटले. थोड्या वेळाने आमचा धाकटा बाहेरून धावत आला आणि म्हणाला, ‘‘अब्बा, खालांनी बिर्याणी गल्लीच्या कोपऱ्यावर कुत्र्यांना टाकली.’’ आम्हाला राग आला. उरलेले पातेले घेऊन आम्ही शेजारच्या चाचांकडे गेलो. त्यांच्याकडे शेळ्या आहेत. चाचांनी झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाले, ‘‘मास्तर, शेळीला भात जास्त झाला की तिचे पोट फुगते. त्यात हा आंबलेला. नको.’’

घरी परतलो तेव्हा नऊ वाजले होते आणि पत्नी मोरीत ओकत होती. दुपारपर्यंत दवाखाना, सलाईन. रोजा सोडावा लागला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘भात रात्रभर बाहेर होता का?’’ मग त्यांनी समजावले की तांदळात काही जिवाणूंचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास उबेत राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. पुन्हा गरम केल्याने हे विष जात नाही. बी.एड. झालेल्या माणसाला ही गोष्ट चाळिशीच्या उंबरठ्यावर कळावी, याची लाज वाटली. पण खरी लाज संध्याकाळी वाटली. पत्नी पडल्या पडल्या म्हणाली, ‘‘तुमचा इस्राफ वाचवायला माझे पोट आहे का?’’

त्या वाक्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. त्यानंतर बरेच दिवस आम्ही त्याचाच विचार करीत राहिलो.

आपल्या घरांत अन्न उरले की आपण तीन प्रकारे मनाची समजूत घालतो. पहिली समजूत, जनावराच्या मुखी लागले. दुसरी, गरिबाला दिले. तिसरी आपण बोलूनही दाखवत नाही. ती म्हणजे, घरातल्या बाईने संपवले. ‘आमच्या घरी काही वाया जात नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्या किती घरांत रात्रीची शिळी चपाती आणि तळाचे करपलेले कालवण रोज एकाच माणसाच्या ताटात जाते, हे आपण कधी पाहिले आहे का? आम्ही पाहिले नव्हते. आमची अम्मी आयुष्यभर सर्वांच्या शेवटी जेवली आणि आम्ही त्याला तिची सवय समजत आलो. घरातील बचत जर एकाच माणसाच्या पोटावर लादली जात असेल, तर तिला बचत कसे म्हणावे? तो फक्त नासाडी लपवण्याचा मार्ग झाला.

दुसऱ्या समजुतीबद्दल तर कुरआनचे म्हणणे अतिशय स्पष्ट आहे. सूरह अल-बकराच्या 267व्या आयतीत ईमानवंतांना बजावले आहे की तुमच्या कमाईतील चांगले ते खर्च करा. जी वस्तू तुम्हाला कोणी दिली तर तुम्ही डोळेझाक केल्याशिवाय घेणार नाही, अशी वस्तू देण्यासाठी निवडू नका. त्या सकाळी आम्ही खालांना नेमके तेच दिले होते. जी बिर्याणी आम्हाला सहेरीला नको होती, ती आम्ही सवाब म्हणून पिशवीत भरली. खालांनाही नाक आहे आणि त्यांच्याही घरी मुले आहेत. त्यांनी ती कुत्र्यांना टाकली यात त्यांचा दोष कोणता? त्यांनी फक्त आमच्या वाटची नासाडी आमच्या दारापासून दूर नेऊन केली. वर तोंडभरून दुआही दिली.

म्हणजे ही नासाडी सकाळी झाली नव्हती, सहेरीलाही नाही. ती आदल्या दिवशी दुपारी, तांदूळ धुताना झाली होती. अन्न उकिरड्यावर पडते तेव्हा आपल्याला दिसते. परंतु ते वाया जाते ते पातेले चुलीवर चढताना. पुढे ते कोणाच्या पोटात जाते, शेळीच्या, खालांच्या की पत्नीच्या, हा फक्त विल्हेवाटीचा प्रश्न उरतो.

आता येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो आम्ही स्वतःच स्वतःला घेतला. मेहमाननवाजी ही आपली शान आहे. ह. इब्राहीम (अ.) यांच्याकडे अनोळखी पाहुणे आले, तेव्हा त्यांनी भाजलेले आख्खे वासरू समोर ठेवले, हे कुरआनमध्येच आले आहे. त्यांनी तराजू काढला नाही. मग आम्ही पाहुण्यांसाठी माणशी ग्रॅम मोजायचे की काय?

आक्षेप खरा आहे. उदारपणाला वजनकाटा लावला की त्यातला जीव जातो. पण आम्ही स्वतःला विचारले, आमची बिर्याणी नक्की कोणासाठी होती? ह. इब्राहीम (अ.) यांनी वासरू ठेवले ते ज्यांची ओळखदेख नव्हती अशा वाटसरूंपुढे. आमचे पाहुणे पोटभर खाऊनपिऊन असलेले शिक्षक होते. त्यांच्या घरी आम्ही मागच्या रमजानमध्ये जेवलो होतो, पुढच्या रमजानमध्ये पुन्हा जेवणार होतो. वरचा पाऊण किलो तांदूळ त्यांच्या भुकेसाठी नव्हताच. तो आमच्या अब्रूसाठी होता. ‘कम पड गया तो?’ या प्रश्नाचा खरा अर्थ ‘पाहुणा उपाशी राहिला तर?’ असा नसून ‘लोक काय म्हणतील?’ असा आहे. आम्ही उदारपणाच्या नावाखाली आपली भीती शिजवत होतो.

ही भीती आपल्या पैगंबरांनी (स.) फार पूर्वीच दूर केली आहे. दोघांचे अन्न तिघांना पुरते आणि तिघांचे चौघांना, अशा आशयाची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. ह. अबू जर (र.) यांना पैगंबरांनी (स.) शिकवले की शोरबा करशील तेव्हा त्यात पाणी वाढव आणि शेजाऱ्यांची आठवण ठेव. ही हदीस आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, पण तिच्यातील एक गोष्ट आता लक्षात आली. शेजाऱ्याची आठवण कधी ठेवायची आहे? जेवण झाल्यावर भांड्यात काय उरले ते पाहून नव्हे. भांडे चुलीवर असताना. शेजारी मनात धरून शोरबा वाढवायचा आहे. तो उरला म्हणून शेजारी आठवायचा नाही.

सूरह अल-अनआमच्या 141व्या आयतीत ही गोष्ट अधिकच स्पष्ट होते. पीक आले की खा, कापणीच्या दिवशीच त्यातला हक्काचा वाटा देऊन टाका आणि इस्राफ करू नका. खाणे, देणे आणि न उधळणे या तीन गोष्टी एकाच आयतीत एकापाठोपाठ आल्या आहेत. आणि देण्याची वेळ सांगितली आहे ती कापणीची, कोठार रिकामे करण्याची नाही. दुसऱ्याचा वाटा आधी निघतो. उरल्यावर जे निघते त्याला वाटा म्हणत नाहीत.

येथे आम्हाला आमच्या दादीची आठवण येते. 1972च्या दुष्काळात तिने लाल मिलो आणि सुकडीवर घर चालवले होते. आम्ही तिला पाहिले ते पुढे बऱ्या दिवसांत. तरीही ती तांदूळ मापट्याने मोजायची, मोजून झाला की त्यातला एक मूठ परत काढायची आणि वेगळ्या डब्यात टाकायची. आम्ही नातवंडे हसायचो. दादी कंजूष आहे, दिलेले परत घेते, असे म्हणायचो. तो डबा भरला की मदरशात जायचा, हे आम्हाला फार उशिरा कळले. अनेक घरांत ही रीत होती. चांगला, कोरडा, किडा न लागलेला तांदूळ, शिजवण्याआधी काढलेला. तो घेणाऱ्याला डोळेझाक करावी लागत नसे. पुढे मिक्सर आला, फ्रीज आला, डबा गेला. फ्रीजने आपल्याला अन्न टिकवण्याची सोय दिली, तशीच जास्त शिजवण्याची मुभाही दिली.

ही फक्त आमच्या घरची गोष्ट नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2024 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार 2022 या वर्षात जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील सुमारे 60 टक्के घरगुती स्वयंपाकघरांतून गेले. हॉटेले आणि लग्नाचे मंडप यांच्याकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. भारतातील घरांचा अंदाज वर्षाला माणशी 55 किलो असा आहे. अन्नसुरक्षा कायदा, 2013 प्रमाणे रेशनवर प्राधान्य गटातील माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळते, म्हणजे वर्षाला 60 किलो. त्या 55 किलोंत सालपटे, हाडे आणि ओले अन्नही धरलेले आहे, त्यामुळे दोन्ही आकडे एका पारड्यात घालता येत नाहीत. तरीही आमच्या वर्गातील अर्धी मुले ज्या रेशनवर वाढतात, त्याच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहिला की मान खाली जाते.

आमच्या शाळेत रोज तांदूळ वजन करूनच शिजतो. शालेय पोषण आहारात, ज्याला 2021पासून पीएम पोषण म्हणतात, पहिली ते पाचवीच्या मुलाला 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ, सहावी ते आठवीच्या मुलाला 150 ग्रॅम तांदूळ आणि 30 ग्रॅम डाळ असे प्रमाण आहे. पहिली ते पाचवीची 53 मुले हजर असली तर पाच किलो तीनशे ग्रॅम तांदूळ. हजेरी घेऊन हा हिशेब रोज आम्हीच करतो. तरीही हजेरी न घेता स्वयंपाक करणारे घर आमचेच होते.

ईदनंतर आम्ही घरी काही गोष्टी बदलल्या. त्यात मोठे काही नाही, तरी सांगतो. रोजच्या जेवणाला मोठ्या माणसामागे साधारण 75 ग्रॅम कच्चा तांदूळ धरतो. शिजल्यावर त्याचे वजन अडीच-तीन पट होते. त्यासाठी एक वाटी ठरवली आहे. कणीक मळली तरी सगळ्या चपात्या एकदम लाटत नाही. कोणाला हवी असेल तर तव्यावर टाकायला दोन मिनिटे लागतात, आणि मळलेली कणीक फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत चांगली राहते. पाहुणे येणार असतील तर स्वयंपाक मोजून करतो आणि अंडी घरात ठेवतो. कमी पडलेच तर दहा मिनिटांत खागिना होतो. आजवर एकदाच करावा लागला आणि पाहुण्यांनी बिर्याणी सोडून त्याचीच तारीफ केली. कोथिंबिरीचे देठ वाटणात जातात, फ्लॉवरचे कोवळे देठ भाजीत. हाडांच्या तुकड्यांचा दुधी घालून दालचा होतो. उरलेला भात दोन तासांच्या आत पसरट भांड्यात फ्रीजमध्ये जातो आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत एकदाच गरम होतो. चपातीचा गूळ-तूप घालून मलीदा होतो. आणि जे बिघडले ते टाकून देतो. बिघडलेले अन्न खाणे ही इबादत नाही. पुढच्या वेळी कमी शिजवणे ही तौबा आहे. रमजानमधील इफ्तारचे पदार्थ आता सहेरीनंतर, भरल्या पोटी ठरतात. असरनंतर उपाशी डोळ्यांनी ठरवले की यादी लांबत जाते.

उरलेले अन्न पहिल्यांदा आम्ही खातो. हा नियम पत्नीने केला आहे. सुरुवातीला आम्हाला तो शिक्षेसारखा वाटला. पण ज्याच्या ताटात शिळे येऊ लागते, तो दुसऱ्या दिवशी ‘थोडे जास्त टाक’ म्हणताना विचार करतो, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो. घरातील पुरुषांनी एक महिना हे करून पाहावे. कोणत्याही व्याख्यानापेक्षा त्याचा परिणाम जास्त होतो.

तरीही एक प्रश्न उरतो. आमच्या डब्यात वाचलेला तांदूळ उपाशी माणसाच्या ताटात आपोआप थोडाच जातो? नाही जात. तो डब्यातच राहतो, आणि महिन्याच्या किराण्यात तेवढे पैसे वाचतात. काटकसर आणि दान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवर थांबलो तर फक्त आमचाच फायदा झाला. म्हणून दादीचा डबा आम्ही पुन्हा सुरू केला. तांदूळ मोजून झाला की मुलगी त्यातली एक मूठ काढते. महिन्याच्या शेवटी तो डबा कोणाकडे जातो हे आम्ही लिहिणार नाही. घेणाऱ्याचीही अब्रू असते. एवढेच सांगतो की तो तांदूळ कुत्र्यांना टाकला जात नाही.

अम्मी अजूनही पातेल्यात डोकावून म्हणते, ‘‘कम पड गया तो?’’ परवा मुलगीच तिला म्हणाली, ‘‘दादी, कमी पडलं तर आपण थोडं थोडं कमी खाऊ.’’ अम्मी हसली. मग म्हणाली, ‘‘तुझी पणजी असंच म्हणायची.’’

सूरह अत-तकासुरच्या शेवटी सांगितले आहे की त्या दिवशी तुम्हाला नेमतींबद्दल विचारले जाईल. आम्ही मुलांना शिकवत आलो की तो जाब टाकलेल्या अन्नाचा असेल. आता आम्हाला वाटते, तो जाब शिजवलेल्या अन्नाचाही असेल. किती शिजवले, कोणासाठी शिजवले, आणि उरले ते कोणाच्या माथी मारले? यंदाही आम्ही ‘इस्राफ’ वर निबंध लिहून घेणार आहोत. पण मुलांना आयतींचे दाखले शोधायला सांगण्याआधी एकच काम देणार आहोत : काल तुमच्या घरी सर्वांत शेवटी कोण जेवले आणि त्यांच्या ताटात काय होते, ते पाहून या.